कवळीकाकांची नोझलं

कवळीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस त्या गल्लीत उरलं नव्हतं. दारात कुणी आलं की त्यांची बायको आत तोंड करून ओरडायची, "अहो, दात आलेत!" आणि मागच्या खोलीतून काका प्लास्टरने पांढरे झालेले हात पुसत बाहेर यायचे.

शहरातले दातांचे डॉक्टर म्हाताऱ्या माणसांच्या हिरड्यांचे ठसे घेऊन त्यांच्याकडे पाठवत. काका त्या ठशात प्लास्टर ओतून जबडा काढायचे, जबड्यावर मेणाची हिरडी बसवायचे, मेणात एकेक दात रोवायचे. मग साच्यातून मेण वितळवून काढायचं, त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक दाबयंत्राने ठासायचं, शिजवायचं, घासायचं, चकाकी आणायची. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. "तोंडासारखं खडूस गिऱ्हाईक दुसरं नाही," ते म्हणायचे. "केसभर फरक राहिला तरी जीभ दिवसभर तिथेच जाऊन कुरकुरते."

एवढं बारीक काम करणाऱ्या या माणसाला मोठ्या वस्तूंची मात्र धास्ती होती. रस्त्याने अवजड गाडी आली की ते फुटपाथ सोडून दुकानाच्या पायरीवर चढायचे. तरुणपणी एकदा गाडी चालवायला शिकायचं मनावर घेतलं होतं. शिकवणाऱ्याने इंजिन सुरू केलं आणि काका दार उघडून खाली उतरले. ते प्रकरण तिथेच मिटलं.

आणि अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने लग्न ठरवलं ते थेट ट्रकवाल्याशी.

जावई दारातून आत आला की खोलीत अंधार व्हायचा, इतका आडवातिडवा. आवाज तसाच, हसणं तसंच. मुलगा बघून झाल्यावर बायकोने विचारलं, "काय वाटतं तुम्हाला?" तेव्हा काकांनी बराच विचार करून सांगितलं होतं, "दात एक नंबर आहेत." त्यापलीकडे जावयाशी काय बोलावं हे त्यांना पुढे बरीच वर्षं सुचलं नाही. जावई यायचा, "काय बाबा, बरं आहे ना?" विचारायचा, काका "हो जावईबापू, बरं आहे" म्हणायचे, आणि दोघंही जेवणाची वाट बघत बसायचे.

जावयाचा ट्रक स्वतःचा होता. जुना, सहा सिलिंडरचा, पण त्याने जिवापाड जपलेला. नदीकाठच्या खाणीतून दगड भरायचा आणि घाट चढून वर न्यायचा, हे त्याचं काम. वर डोंगर खचू नये म्हणून रस्त्याच्या कडेला मोठी भिंत बांधणं चाललं होतं. घाटात एक जागा अशी होती की चढ आणि वळण एकदमच यायचं. तिथे भरल्या गाडीचं इंजिन कण्हायला लागायचं. ड्रायव्हर लोक त्याला रडकं वळण म्हणत. जावयाचा ट्रक तिथे पहिल्या गिअरवर यायचा आणि मागे गाड्यांची रांग लागायची. रांगेतले हॉर्न त्याच्या काळजाला लागायचे.

म्हणून त्याने घरीच उद्योग केला. डिझेल पंपाच्या कडेला एक स्क्रू असतो. तो आवळला की इंजिनात जास्त डिझेल जातं. त्याने तो आवळला. दुसऱ्या दिवशी घाटात ट्रकच्या मागे असा काळा धूर निघाला की मागच्या गाडीवाल्याने खिडकीतून डोकं काढून त्याच्या सगळ्या खानदानाची विचारपूस केली. इंजिन तापलं, डिझेल भसाभस संपलं, आणि ओढ वाढली ती नावापुरती.

त्या रविवारी जावई लेकीबरोबर जेवायला आला तो तोंड पाडूनच. खिशातून त्याने तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं.

"अहो, हे काय आणलंत? जेवणाच्या टेबलावर!" सासूबाई म्हणाल्या.

"नोझल आहे, आई. इंजिनात डिझेलचा फवारा मारतं. सारखं हातात घेऊन बघतोय, पण डोक्यात काही शिरत नाही."

"तुला काय दिसणार त्यात?" लेक म्हणाली. "बाबांना दाखव. बाबा बघतील."

काकांनी वस्तू हातात घेतली. बोटाएवढी, पोलादी, टोकाला छोटं बोंड. टोक नुसतं गुळगुळीत दिसत होतं. त्यांनी उठून मागच्या खोलीतून भिंग आणलं, डोळ्याला लावलं, आणि जेवणाचं ताट विसरले.

बोंडाभोवती पाच भोकं होती. शिवणाची बारीकात बारीक सुईही आत गेली नसती. पाचही सारख्या अंतरावर, सारख्या कोनात.

"यातून डिझेल जातं?" काकांनी भिंगातून डोळा न काढता विचारलं.

"जातं म्हणजे! टायरात जेवढा दाब असतो ना, त्याच्या शंभरपट दाबाने घुसतं. धुकं होऊन बाहेर पडतं. त्याशिवाय पेटत नाही ते."

"सारखं जात राहतं?"

"छे! एक फवारा मारायचा, बंद व्हायचं. पुन्हा मारायचा, बंद व्हायचं. घाटात एका सेकंदात पंधरा-सोळा वेळा. बंद झालं की एक थेंब गळता कामा नये."

काकांनी भिंग खाली ठेवलं. माणूस घास चावतो तो सेकंदाला एकदा, फार तर दोनदा. एवढ्यासाठी त्यांनी जन्म घालवला होता. आणि रोज आपल्याला पायरीवर चढायला लावणाऱ्या त्या धुडाच्या पोटात असं काही चाललेलं असतं! हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "याचं एखादं वाया गेलेलं आहे का तुमच्याकडे? कापून बघतो."

लग्नानंतरच्या इतक्या वर्षांतलं हे त्यांचं सर्वांत लांब बोलणं होतं. जावई जेवण अर्धवट टाकून ते आणायलाच निघणार होता. लेकीने हात धरून त्याला खाली बसवलं.

पुढच्या रविवारी जावयाने भंगारातली मूठभर नोझलं आणली. काकांनी त्यातलं एक घेऊन, धातूच्या दातांची टोकं कापायच्या पातळ चकतीने उभं चिरलं. आता भोकाची आतली बाजू दिसू लागली. जिथून डिझेल भोकात शिरतं तिथली कड धारदार होती आणि भोकाच्या भिंती खरबरीत होत्या.

"ही कड बघा," काका म्हणाले. "कवळीला अशी कड राहिली तर दोन दिवसांत तोंडात जखम. डिझेल इथे अडखळत असणार."

जावयाने भिंगातून पाहिलं. कपाळाला हात लावला. "म्हणजे मी पंपाने जास्त डिझेल ढकललं, पण आत शिरायला त्याला वेळ लागत होता. पिस्टन खाली निघून गेल्यावर उरलेलं पोचत होतं."

"पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यांसारखं," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"अगदी तसंच, आई! मग त्यांनी रागावून धूर केला."

भोक मोठं करायचं नव्हतं. कड गोल करायची होती आणि भिंती गुळगुळीत करायच्या होत्या. पण सुई जिथे जात नाही तिथे घासणार कशाने? काका दोन-तीन दिवस जेवताना, चालताना, दात लावतानाही हाच विचार करत राहिले. एका म्हातारबुवांच्या कवळीला त्यांनी वरचे सुळे खाली लावले. नशिबाने वेळेवर लक्षात आलं. मग उत्तर हाताखालच्या फळीवरच सापडलं. हिरड्यांचा ठसा घ्यायची ती रबरी कणीक. घट्ट करणारं औषध त्यात मिसळलंच नाही तर ती कितीही दिवस मऊ राहते, आणि दाबलं की बारीक फटीतूनही सरकते. तीत चकाकी आणायची हिऱ्याची पूड कालवली, ॲक्रिलिक ठासायच्या दाबयंत्राने नोझलमधून रेटली, तर कणीकच भोक घासत बाहेर येईल.

बोलायला सोपं होतं. नोझलच्या आत एक जागा असते, तिथे नोझलची स्वतःची पोलादी सुई टेकून डिझेल बंद करते. ती जागा घासली गेली की नोझल गळायला लागलं आणि कामातून गेलं. काकांनी त्या जागेच्या मापाची ॲक्रिलिकची इवलीशी नळी घडवली, कवळी हिरडीवर बसावी तशी ती आत बसवली, आणि कणीक नळीतूनच टोकापर्यंत नेली. पहिली नळी फुटली. दुसरी बसली, पण कणीक एकाच भोकातून जास्त सरकली. तिसऱ्या वेळी दाबयंत्राचा दांडा फिरवता फिरवता त्यांच्या लक्षात आलं की घाई केली की कणीक सोपी वाट धरते. अगदी सावकाश, श्वास रोखून फिरवला तरच ती पाचही भोकांतून सारखी निघते. टोकावर पाच करडे धागे उगवले, केसांसारखे, एकाच वेगाने लांबणारे. काका बघतच राहिले. बायकोला हाक मारली. तीही आली, पदराला हात पुसत, आणि "अगंबाई!" एवढंच म्हणून उभी राहिली.

धुण्याचा प्रश्न कवळ्या साफ करायच्या यंत्राने सोडवला. त्यातलं पाणी इतकं बारीक थरथरतं की भेगेतली घाणही सुटून येते. नोझलमध्ये हिऱ्याचा एक कण राहिला असता तर इंजिनाची वाट लागली असती, म्हणून काका पुन्हा पुन्हा धूत. त्याच आठवड्यात एका आजीबाईंनी निरोप पाठवला की नवीन कवळी छान बसली आहे, पण तोंडाला पेट्रोल पंपाचा वास येतो. सासूबाईंनी दुसरंच पातेलं आणून त्यावर "दात" अशी चिठ्ठी चिकटवली.

तपासायला जावयाने ओळखीच्या गॅरेजमधून हाताने दाब द्यायचं यंत्र आणलं. एक दांडा, एक मोठा काटा, टोकाला नोझल. मागच्या अंगणात ते बाकाला बांधलं. जावयाने दांडा दाबला. टर्र असा आवाज झाला आणि टोकातून पाच पांढरी पिसं एकदम उमलली. उमलली आणि विरली. हवेत फक्त धुकं राहिलं.

काकांनी नकळत हात पुढे केला, त्या धुक्याला लावून बघायला.

"बाबा!" जावयाने त्यांचं मनगट असं पकडलं की बोटांचे वळ उठले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "हात नाही घालायचा! कधी म्हणजे कधी नाही! कातडीतून आत शिरतं ते, सुईसारखं. आधी टोचल्यागत वाटतं, दुखतही नाही. माझ्या ओळखीच्या फिटरचं बोट कापावं लागलं, आणि तेही लगेच दवाखान्यात गेला म्हणून बोटावर भागलं."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. धुकं अजून उन्हात तरंगत होतं, इतकं हलकं की फुंकरीने हललं असतं. ते पोलादाच्या टोकातून निघून माणसाचं हाड गाठू शकतं, हे डोळ्यांना खरं वाटत नव्हतं. त्या दिवसापासून अंगणात चष्मा लावल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, सासूबाईंनीसुद्धा नाही, असा काकांनी नियम केला. आणि बाकाच्या समोरच्या बाजूला एक जाड पत्रा उभा केला.

सहा नोझलं सारखी करायला पावसाळा गेला. एकातून थोडं जास्त डिझेल निघायचं, मग बाकीच्यांना त्याच्या बरोबरीला आणायचं. एखाद्याचं पीस वाकडं पडायचं, ते बाजूला टाकायचं. काकांना प्रत्येकाची ओळख पटली होती. हे जरा हट्टी, हे गरीब, हे सुरुवातीला रुसतं. जावई रोज संध्याकाळी येऊन बसायला लागला. दोघं तासन्‌तास बोलायचे. काका दाब विचारायचे, ताप विचारायचे. जावई दात कसे लावतात ते विचारायचा. लेक आईला म्हणाली, "मला वाटतं त्याने लग्न माझ्याशी नाही, बाबांशीच केलं."

नोझलं बसवली त्या दिवशी जावयाने पंपाचा स्क्रू अर्धा मागे घेतला. धूर निघणाऱ्या नळीत त्याने ताप मोजणारी सुई बसवली आणि तिचा काटा डॅशबोर्डवर आणला. "लाल पट्टीच्या आत राहायचं," तो काकांना म्हणाला. "पलीकडे गेलं की पिस्टन वितळतो. मेणासारखा." मग जरा घुटमळून म्हणाला, "बाबा, तुम्ही येणार ना?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. लेक बापाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"येतो," काका म्हणाले.

खाणीत यंत्राच्या मोठ्या हाताने दगड टाकायला सुरुवात केली. प्रत्येक दगडासरशी ट्रक खाली बसायचा आणि काका एक पाऊल मागे सरकायचे. शेवटचा दगड तर त्यांना आपल्या मागच्या खोलीएवढा वाटला. हे सगळं आता डोंगरावर जायचं होतं. काका केबिनमध्ये चढले, दोन्ही हातांनी दांडी धरली आणि डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत हे त्यांना ठरवता येईना.

सपाटीवर फार काही कळलं नाही. इंजिनाचा आवाज बदलला होता म्हणे. जावई म्हणाला, पूर्वी खडखडायचं, आता गुणगुणतं. घाट सुरू झाला. पहिला चढ, दुसरा चढ. आणि मग रडकं वळण समोर आलं.

जावयाने पाय दाबला.

काकांना ते आधी पाठीत कळलं. सीटने त्यांना मागून उचललं. तळपायाखालून, बुडाखालून, दांडीतून हातात, एक जाड थरथर चढत आली. पाठीमागचा अख्खा दगडांचा ढीग, तो जमिनीने स्वतःकडे ओढून धरलेला बोजा, वर निघाला होता. कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं. सहा बोंडं, प्रत्येकाला पाच भोकं, भोकांतून धुकं. ते हट्टी, ते गरीब, ते रुसणारं, सगळी एका दमात, न चुकता, न गळता. खिडकीबाहेर डोंगराची कड खाली खाली सरकत होती. वळण आलं आणि गेलं. गिअर तिसराच होता.

आपण केलं असं काकांना एकदाही वाटलं नाही. त्यांनी फक्त भोकाच्या दारातली एक कड घासली होती. ही ताकद आधीपासून त्या डिझेलात दडलेली होती, कोण जाणे किती काळ. त्यांच्या अंगावर काटा आला. भीतीही होतीच, पण ती पळून जायला लावणारी भीती नव्हती.

"बघितलंत, बाबा! बघितलंत!" जावई ओरडत होता. आरशात मागे रस्ता स्वच्छ दिसत होता, नुसती करडी रेघ धुराची. त्याने पाय आणखी दाबला.

काकांची नजर काट्यावर गेली. काटा लाल पट्टीला टेकत होता.

"जावईबापू, काटा."

"हो हो, बघतोय! अजून दम आहे तिच्यात!"

"अहो जावईबापू, काटा वर चाललाय."

"चाललाय तर चालू दे! एवढं टेकाड—"

"पाय काढ!" केबिनमध्ये कुणीतरी गरजलं. "काढ म्हणतो ना, गाढवा! वितळेल ते!"

जावयाचा पाय आपोआप उचलला गेला. त्याने गिअर खाली घेतला. इंजिन सैल झालं, काटा जरासा थांबला, मग हळूहळू उतरायला लागला. ट्रक आपल्या चालीने चढत राहिला. काकांनी दांडी पुन्हा दोन्ही हातांनी धरली. जन्मात ते कुणावर ओरडले नव्हते, आणि ओरडले ते जावयावर.

वर भिंतीच्या कामाजवळ ट्रक थांबला. जावयाने इंजिन लगेच बंद केलं नाही. तापलेलं यंत्र थोडं हळू फिरू द्यावं लागतं.

"माफ करा," काका म्हणाले. "तोंडातून निघून गेलं."

जावई त्यांच्याकडे वळला, आणि असा हसला की बाहेरचे गवंडी वळून बघायला लागले. "बाबा, वाचवलंत मला. पण आजपासून पुन्हा मला जावईबापू म्हणालात ना, तर इथेच उतरवून जाईन. गाढवच म्हणा."

काकांनी त्याला गाढव म्हटलं नाही, पण 'तू' मात्र म्हणायला लागले. सासूबाईंनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातला डाव खाली पडला. जावयाला असं बोलतात का, म्हणून त्यांनी नवऱ्याला आत बोलावून झापलं. मग दाराच्या फटीतून बघितलं, तर दोघं अंगणात डोक्याला डोकं लावून बसलेले.

बातमी घाटात पसरायला वेळ लागला नाही. इतर ट्रकवाले फडक्यात नोझलं बांधून दारात यायला लागले, आणि सासूबाई आत तोंड करून ओरडू लागल्या, "अहो, पिसं आलीत!" काकांनी काही जणांची करून दिली, पण प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच असायचा. "ताप बघायचा काटा बसवलाय का? नाही? मग आधी तो बसवून या." जो म्हणायचा, काका, भोकं जरा मोठीच करा ना, त्याला ते चहा पाजून परत पाठवायचे. दातांचं काम त्यांनी सोडलं नाही.

त्या पहिल्या दिवशी घरी आल्यावर बायकोने विचारलं होतं, "कसं होतं?" काकांनी सांगायला तोंड उघडलं, हात वर नेले, बोटांनी बोंडाएवढी खूण केली, मग दोन्ही हात पसरले, आणि शब्दच सापडेनात. तिने सगळं ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं. "मग मला दाखवा," ती म्हणाली.

भिंत पुरी व्हायच्या आधी एकदा तीही गेली. दोघांच्या मध्ये बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. वळणावर सीटने उचललं तेव्हा तिने एका हाताने नवऱ्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्याने जावयाची बाही. जावयाला गिअर बदलता येईना. वर पोचल्यावर ती खाली उतरली, ट्रकच्या पुढे गेली आणि गरम जाळीसमोर, हात न लावता, तळवा धरून उभी राहिली. आत इंजिन सावकाश फिरत होतं.

"ती एवढीशी बोंडं," ती म्हणाली, "आत्ताही फवारताहेत?"

"आत्ताही," काका म्हणाले.

ती आणखी जरा वेळ तशीच उभी राहिली. गवंड्यांनी दगड उतरवायला सुरुवात केली तरी तिथून हलली नाही.